शून्याची नोंद

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या न्यू जर्सी राज्यात दरवर्षी मे महिन्यातल्या एका शनिवारी, मध्यरात्री बाराच्या ठोक्याला, एक वेगळीच शर्यत सुरू होते. काही जणांचे संघ दुर्बिणी आणि टॉर्च घेऊन दलदलीच्या काठावर अंधारात कान टवकारून उभे राहतात. पुढच्या चोवीस तासांत राज्याच्या हद्दीत पक्ष्यांच्या जास्तीत जास्त जाती पाहायच्या किंवा ऐकायच्या, एवढाच हा खेळ. ‘वर्ल्ड सिरीज ऑफ बर्डिंग’ हे त्याचे नाव. न्यू जर्सी ऑड्युबॉन या संस्थेच्या केप मे इथल्या पक्षीवेधशाळेत काम करणाऱ्या पीट डन यांनी तो 1984 मध्ये सुरू केला. पहिल्या वर्षी डन यांच्या संघात रॉजर टोरी पीटरसन होते. त्यांच्या 1934 मधल्या पुस्तकाने सामान्य माणसाला दुर्बिणीतून पक्षी ओळखायला शिकवले होते. पुढे तशाच मार्गदर्शक पुस्तकामुळे नाव कमावलेले डेव्हिड सिबली हेही त्याच संघात होते. या संघाने 201 जाती नोंदवून पहिली स्पर्धा जिंकली. संघांना देणगीदार जातीमागे ठरावीक रक्कम देतात आणि तो पैसा पक्षीसंवर्धनाकडे जातो. स्पर्धेची तारीख आधीपासून ठरलेली असते. हवामान मात्र कुणाला विचारून येत नाही. त्या शनिवारी पाऊस लागला, उत्तरेचा गार वारा सुटला, धुके उतरले, तर याद्या आखडतात आणि ‘दिवस वाया गेला’ असे कुणीही म्हणून जाते. या लेखाचे म्हणणे नेमके उलट आहे. ठरलेल्या तारखेला, संघाने, नीट नोंदी ठेवून काढलेला खराब हवेचा दिवस हा पक्षीनिरीक्षणातल्या सर्वात उपयोगी दिवसांपैकी एक असतो. अट एकच: किती पक्षी दिसले याच्याइतकेच, ते किती वेळ आणि कशा परिस्थितीत शोधले, हेही लिहिलेले हवे.

आधी या दिवसाचा नकाशा समजून घेऊ. न्यू जर्सी हे छोटे राज्य आहे, क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या जेमतेम चौदाव्या हिश्शाएवढे. पण वायव्येला साडेपाचशे मीटर उंचीच्या हाय पॉइंटभोवतीची जंगले, मधे गोड्या पाण्याच्या दलदली, दक्षिणेला पाइनची रेताड वने, एका अंगाला अटलांटिक महासागर आणि दुसऱ्या अंगाला डेलावेअरचा उपसागर असे सगळे तिथे एकाच दिवसाच्या टप्प्यात येते. म्हणून संघ साधारणपणे रात्री दलदलीत घुबडे आणि फटाकड्यांच्या कुळातले लाजरे पक्षी ऐकतात, पहाट उत्तरेच्या जंगलात गाठतात आणि मग दिवसभर दक्षिणेकडे सरकत संध्याकाळी केप मेच्या टोकाला पोचतात. जिंकण्याचा मुख्य आधार पहाटेची जंगलातली दोन-तीन तासांची गाणी. वॉर्बलर नावाचे चिमुकले, रंगीबेरंगी कीटकभक्षी पक्षी (आपल्या वटवट्यांसारखेच चुळबुळे, पण वेगळ्या कुळातले) झाडांच्या शेंड्यांवर असतात. पालवी फुटलेली असते, त्यामुळे डोळ्यांपेक्षा कानांवर भिस्त असते. आणि पाऊस नेमका याच वेळेवर घाला घालतो. पानांवरच्या थेंबांचा आवाज, वाऱ्याची सळसळ, आणि गारठ्यात गाणेच कमी करणारे पक्षी. तिन्ही गोष्टी एकदम घडतात, आणि अनुभवी कानालाही जंगल रिकामे वाटू लागते.

पण जंगल रिकामे आहे की आपल्याला ऐकू येत नाही, हे ठरवण्यासाठी वसंतातल्या स्थलांतराची रीत माहीत असावी लागते. उत्तर अमेरिकेतले बहुतेक लहान स्थलांतरी पक्षी रात्री उडतात. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला हिवाळा संपवून ते उत्तरेला विणीसाठी निघतात तेव्हा दक्षिणेकडून वाहणारा उबदार वारा हा त्यांचा सोबती. असा वारा असलेल्या रात्री आकाश पक्ष्यांनी भरून जाते. वायव्येकडून थंड हवेचा पट्टा, वेधशाळेच्या भाषेत कोल्ड फ्रंट, खाली सरकला की वारा फिरतो, पाऊस येतो आणि पक्षी जिथे असतील तिथे उतरतात. उतरलेले पक्षी तिथेच अडकून पडतात. मागचे आणखी दक्षिणेला थांबतात. म्हणजे एकाच पावसाचे दोन उलटे परिणाम असतात. पाऊस ऐन रात्री, उड्डाण भरात असताना आला, तर एखाद्या छोट्या बागेतही पक्ष्यांची रास पडते. तो दोन-चार दिवस आधीपासून दक्षिणेत ठाण मांडून बसला असेल, तर तीच बाग ओस असते. मेक्सिकोच्या आखातावर हे सर्वात ठळक दिसते. युकातानच्या किनाऱ्यावरून संध्याकाळी निघालेले पक्षी हजारेक किलोमीटर पाणी ओलांडून दुसऱ्या दिवशी अमेरिकेच्या किनाऱ्याला लागतात. त्यांत तीन ग्रॅम वजनाचा हमिंगबर्डही असतो. वाटेत उलटा वारा आणि पाऊस आडवा आला, की दमलेले पक्षी टेक्सासमधल्या हाय आयलंडसारख्या किनाऱ्यालगतच्या पहिल्याच झाडोऱ्यात कोसळल्यागत उतरतात. इंग्रजीत याला ‘फॉलआउट’ म्हणतात. निरीक्षकासाठी ती पर्वणी आणि पक्ष्यासाठी जिवावरचा प्रसंग.

हवा बिघडली की पक्ष्यांच्या जागाही बदलतात. गारठ्यात शेंड्यावरचे किडे हलेनासे होतात, म्हणून एरवी मान मोडेपर्यंत वर बघायला लावणारे वॉर्बलर कमरेच्या उंचीवरच्या झुडपांत, कधी जमिनीवरही, खाणे शोधत येतात. भिंगऱ्या आणि पाकोळ्या उंच आकाश सोडून तळ्याच्या पाण्याला जवळजवळ टेकून उडू लागतात, कारण उडणारे किडे तेवढ्याच थरात सापडतात. उलट, गरम हवेच्या प्रवाहांवर घिरट्या घालणारे शिकारी पक्षी झाडावर बसून राहतात आणि यादीतून गळतात. समुद्राकडून जोराचा वारा असेल तर एरवी क्षितिजापलीकडे राहणारे सागरी पक्षी किनाऱ्यावरून दिसण्याची शक्यता वाढते. ज्या संघाला हे ठाऊक असते तो पावसात दर वर्षीचा मार्ग आंधळेपणाने गिरवत नाही. टेकडीवरचा थांबा कमी करतो, तळ्याकाठचा वाढवतो. म्हणून खराब हवेची यादी ही चांगल्या हवेच्या यादीची फाटकी प्रत नसते. ती वेगळ्या प्रश्नाचे उत्तर असते: अडचणीत सापडलेला पक्षी कुठे जातो? अधिवास वाचवण्याच्या दृष्टीने हा प्रश्न फार मोलाचा आहे. उत्तम हवेत पक्षी ज्या झुडपावरून न थांबता पुढे जातात, तेच झुडूप वादळी रात्री शेकडो जीवांचे धर्मशाळेसारखे आसरास्थान ठरते. ते तोडायचे की राखायचे हे ठरवताना केवळ लख्ख दिवसांच्या नोंदी पाहिल्या तर ते बिनकामाचे वाटेल.

इथे पहिला आणि सर्वात वजनदार आक्षेप येतो. पावसात पक्षी कमी सापडतात हे तर उघड आहे. मग अशी आकडेवारी दिशाभूल करणारी नाही का? पक्षी नव्हता म्हणून नोंद नाही, की होता पण सापडला नाही म्हणून? आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर आपल्या ओळखीच्या एका यंत्रात आहे: तहसील कचेरीच्या आवारातले पर्जन्यमापक. आपल्याकडे रोज सकाळी साडेआठला त्यातले पाणी मोजून वहीत लिहितात. पाऊस पडला नसेल तर ‘0’ लिहितात. मोजणारा आलाच नसेल तर तिथे शून्य लिहिता येत नाही, रकाना कोरा राहतो. शून्य आणि कोरा रकाना दिसायला सारखेच निरुपयोगी वाटतात, पण एक माहिती आहे आणि दुसरा माहितीचा अभाव. पक्षीनिरीक्षणातही ‘चार जणांनी सहा ते सात या वेळेत, रिमझिम पावसात, एक किलोमीटर चालून शोधले, हा पक्षी सापडला नाही’ हे शून्य आहे. नुसती यादी दिली आणि शोधाची वेळ, अंतर, माणसे, हवा लिहिलीच नाही, तर यादीत नसलेल्या प्रत्येक पक्ष्याचा रकाना कोरा आहे. 2002 मध्ये सुरू झालेल्या ‘ईबर्ड’ या नोंदव्यवस्थेत प्रत्येक यादीबरोबर किती वेळ, किती अंतर, किती माणसे हे विचारतात. ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिलेत ना, असेही विचारतात. ‘होय’ या एका उत्तराने न लिहिलेल्या पक्ष्यांनाही अर्थ येतो.

संघाचे महत्त्वही इथेच कळते. समजा, एखाद्या थांब्यावर एक विशिष्ट पक्षी आहेच आणि चांगल्या हवेत एका माणसाला तो सापडण्याची शक्यता निम्मी आहे. पावसात ती पाव झाली असे धरू. एकटा माणूस असेल तर त्याचे यश सरळ अर्धे झाले. आता चार जण वेगवेगळ्या दिशांना तोंड करून, एकमेकांवर विसंबून न राहता शोधत आहेत असे मानू. चांगल्या हवेत चौघांपैकी कुणालातरी तो सापडण्याची शक्यता सुमारे 94 टक्के येते आणि पावसात सुमारे 68 टक्के. एकट्याची घसरण निम्म्याने, संघाची साधारण चौथाईने. हा केवळ हिशेबाचा खेळ आहे, प्रत्यक्षात चौघांचे कान एकाच सरीने बधिर होतात आणि फरक थोडा कमी होतो. पण हवा जितकी वाईट तितकी जास्त माणसांची गरज वाढते, हा निष्कर्ष टिकतो. संघ दुसरे कामही करतो. दमलेला, भिजलेला, चोवीस तास जागा माणूस जे ऐकायचे आहे तेच ऐकू लागतो. अमेरिकन बर्डिंग असोसिएशनच्या ‘बिग डे’च्या, म्हणजे अशा एका दिवसाच्या मोजणीच्या, नियमात यावर तोड आहे: यादीतल्या किमान 95 टक्के जाती संघातल्या सगळ्यांनी ओळखलेल्या असल्या पाहिजेत. एकाने बोट दाखवायचे आणि बाकीच्यांनी ‘हो, तोच’ म्हणण्याआधी स्वतः पाहायचे किंवा ऐकायचे. पावसात हा नियम जाचक वाटतो, कारण गेलेला पक्षी चौथ्या माणसासाठी परत येत नाही. पण खराब हवेच्या यादीवर विश्वास ठेवता येतो तो या जाचामुळेच.

दुसरा आक्षेप अभ्यासकांचा आहे. उत्तर अमेरिकेत 1966 पासून ‘ब्रीडिंग बर्ड सर्व्हे’ चालतो. ठरलेल्या रस्त्यावर 50 थांबे, प्रत्येक थांब्यावर तीन मिनिटे, सुरुवात सूर्योदयाच्या अर्धा तास आधी. आणि जोराचा वारा किंवा सततचा पाऊस असेल तर मोजणी करूच नका, असे तिथे सांगतात. जी शास्त्रीय मोजणी पाऊस टाळते, तिच्यापुढे भिजत केलेल्या खेळाची काय मातब्बरी? उत्तर असे की दोन्हींचे प्रश्न वेगळे आहेत. विणीच्या पक्ष्यांची मोजणी विचारते: इथे राहणारे पक्षी गेल्या वर्षीपेक्षा कमी झाले का? त्यासाठी हवेसारखे बदलते घटक शक्य तितके स्थिर ठेवावे लागतात आणि पाऊस टाळणे योग्यच ठरते. स्थलांतराचा दिवस विचारतो: या तारखेला, या हवेत, कोण कुठवर पोचले? तिथे हवा हा अडथळा नसतो, विषयाचाच भाग असतो. विक्रम करू पाहणारे संघ हवामानाचे अंदाज बघून दिवस निवडू शकतात. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीप्रयोगशाळेच्या संघाने 2013 च्या एप्रिलअखेर टेक्सासमध्ये एका दिवसात 294 जाती नोंदवून त्या वेळी उत्तर अमेरिकेतला विक्रम केला. पराक्रम मोठाच. पण निवडून घेतलेला सर्वोत्तम दिवस वसंत सरासरीने कसा गेला हे सांगू शकत नाही. न्यू जर्सीसारखी ठरलेल्या तारखेची मोजणी ते सांगू शकते, कारण तिच्या वाट्याला चांगली आणि वाईट वर्षे जशी येतील तशी येतात. वाईट वर्षांच्या नोंदी गाळल्या, तर कागदावरचा प्रत्येक वसंत आलबेल दिसेल.

तिसरी शंका आजच्या काळाची आहे: हवामान खात्याच्या रडारवर पक्ष्यांचे थवे दिसतात, मग माणसांनी भिजायचे कशाला? रडारची कामगिरी खरोखर मोठी आहे. 24 वर्षांच्या रडार-नोंदींवरून अमेरिकेतले रात्रीचे वसंत स्थलांतर कालांतराने लवकर होऊ लागल्याचे दिसले आहे. ‘सायन्स’मध्ये 2019 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने 1970 पासून उत्तर अमेरिकेतले सुमारे 2.9 अब्ज पक्षी घटल्याचे मांडले, त्यातही रडारचा आधार होता. पण रडारला संख्या कळते, नावे कळत नाहीत. त्याच अभ्यासाचा मोठा पाया नागरिकांनी वर्षानुवर्षे केलेल्या मोजण्यांचा होता. फ्रँक चॅपमन यांनी 1900 साली 27 जणांना घेऊन सुरू केलेली नाताळातली पक्षीगणना हीही त्यांतलीच. रडारचे पडदे आणि जमिनीवरची नावे यांची सांगड घालावीच लागते. डेलावेअर उपसागरावरचा रेड नॉट हा पक्षी त्याचे चांगले उदाहरण आहे. दक्षिण अमेरिकेच्या टोकापासून आर्क्टिककडे निघालेला हा किनारपक्षी मे महिन्यात इथे थांबतो आणि हॉर्सशू क्रॅब या प्राचीन जलचराची अंडी खाऊन दोनेक आठवड्यांत वजन जवळपास दुप्पट करतो. पाणी गार राहिले किंवा लाटा उसळल्या तर त्या जलचराचे किनाऱ्यावर येऊन अंडी घालणे लांबते आणि पक्षी पोचूनही उपाशी राहतो. या पक्ष्याला 2014 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या कायद्याने संकटग्रस्त ठरवले. गार वसंतात किनाऱ्यावर किती नॉट होते, ते खात होते की नुसते बसून होते, हे रडार सांगत नाही. वाऱ्यात तोल सावरत दुर्बीण धरून उभा असलेला माणूस सांगतो.

आता शर्यतीच्या वृत्तीवरचे आक्षेप. त्यांतले काही मान्यच करावे लागतात. जिंकायला निघालेला संघ प्रत्येक जातीचा एक पक्षी मिळताच पुढे पळतो. तिथे तसे किती होते हे मोजत नाही. अशी यादी ही गणना नव्हे, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. उपाय मात्र अवघड नाही. दिवसभराची एक लांब यादी न करता थांब्यागणिक वेगळी यादी करावी, वेळ लिहावी, प्रत्येक जातीचे पक्षी मोजावेत. गाडीने शेकडो किलोमीटर फिरण्यातले इंधन हा दुसरा डाग. म्हणूनच न्यू जर्सीच्या स्पर्धेत एकाच परगण्यात फिरणाऱ्यांना, वाहन न वापरणाऱ्यांना आणि चक्क एका जागी बसून मोजणाऱ्यांनाही जागा दिली गेली. माझ्या मते खराब हवेत एका जागेवर ठाण मांडणारा संघच सर्वात उपयोगी नोंद करतो, कारण पाऊस येण्याआधी, पडताना आणि थांबल्यावर काय बदलले हे त्यालाच दिसते. तिसरा मुद्दा पक्ष्यांना होणाऱ्या त्रासाचा. समुद्र ओलांडून गळून पडलेल्या पक्ष्याला झुडपातून उठवणे किंवा ध्वनिमुद्रित हाक वाजवून फसवणे हे क्रौर्यच आहे. त्याच्या उरल्यासुरल्या ताकदीची ती चोरी होते. अशा दिवशी लांबून पाहणे हा एकच नियम पुरे. आणि विजा कडाडू लागल्या किंवा जागरणाने चालकाचे डोळे मिटू लागले तर मोजणी थांबवावी, तसे लिहावे. तेवढा रकाना कोरा राहिला तर बिघडत नाही. तो कोरा का राहिला, हे कळले की झाले.

हे सगळे दूरदेशीचे असले तरी त्याचा एक धागा थेट आपल्याकडे येतो. 2015 पासून कॉर्नेलची प्रयोगशाळा मे महिन्यातल्या एका शनिवारी ‘ग्लोबल बिग डे’ घेते आणि भारतातले पक्षीनिरीक्षकही त्यात असतात. महाराष्ट्रात तेव्हा वसंत सरून ऐन उन्हाळा असतो. हिवाळी पाहुणे उत्तरेला परतलेले असतात, नवरंगाची शीळ काही जंगलांत ऐकू येऊ लागलेली असते, आणि दुपार रणरणती तरी असते नाहीतर वळवाने उधळलेली. यादी छोटी होणार हे ठरलेलेच, म्हणून पुष्कळ जण त्या दिवशी बाहेर पडत नाहीत. पण ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’च्या 2023 च्या अहवालात 942 जातींच्या स्थितीचा जो अंदाज बांधला गेला, तो सुमारे तीस हजार निरीक्षकांच्या तीन कोटींहून अधिक नोंदींवर उभा होता. नोंदी फक्त थंडीतल्या सुखद सकाळींच्या असतील, तर उन्हाळ्याच्या काहिलीत कोणते पाणवठे पक्ष्यांना तगवतात, वळवाच्या पहिल्या सरीनंतर कोण गाऊ लागते, हे प्रश्न विचारताही येणार नाहीत. आपल्याकडच्या मेमधल्या नोंदींची किंमत न्यू जर्सीतल्या पावसाळी शनिवारच्या नोंदींइतकीच आहे, आणि कारणही तेच आहे.

म्हणून पुढच्या मे महिन्यात ज्यांना जमेल त्यांनी तीन-चार जणांचा गट करावा, घराजवळचे एक तळे किंवा टेकडी निवडावी आणि हवा कशीही असली तरी ठरलेल्या तारखेला पहाटे तिथे जावे. सुरुवातीची आणि शेवटची वेळ लिहावी, माणसे किती ते लिहावे, ऊन, वारा, पाऊस लिहावा, ओळखता आलेला प्रत्येक पक्षी मोजून लिहावा. अर्ध्या तासात दोन कावळे आणि एक होला, इतकेच हाती लागले तरी यादी पाठवावी. ती छोटी दिसेल, पण पूर्ण असेल.